मुक्काम पोस्ट देवण

दत्ताराम मेस्त्री भर जूनमध्ये ओमानातल्या सूरच्या बाजारातून माकडटोपी घालून हिंडतात. जूनमध्ये इथे नायलॉनचा दोर हातात धरवत नाही, रंगाच्या डब्यांची झाकणं आपोआप उचलतात, आणि हा गृहस्थ टोपी कपाळावर गुंडाळून, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, असा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन टेकतो. कपाळावरचा घाम पुसतो आणि सांगतो, "आज आमच्याकडे थंडी आहे हां, भाई."

माझं दुकान होड्यांच्या सामानाचं. दोर, जाळी, खिळे, रंग. शेजारी मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, मेस्त्री तिथले मेकॅनिक. मशीन बंद पडली तर अर्बाबची, म्हणजे मालकाची, सगळी सुरमई खलास, म्हणून त्यांना दिवसातून दहा वेळा आत उणे अठरात जावं लागतं आणि दहा वेळा बाहेर भट्टीत यावं लागतं. कपडे किती वेळा बदलणार? तेव्हा टोपीचं मी समजू शकत होतो. समजत नव्हतं ते 'आमच्याकडे'.

आखातात हा शब्द माणूस जपून वापरतो. सूरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूसही 'आमच्याकडे' म्हणाला की ते सूर नव्हे, ते गाव. आमच्याकडे यंदा आंबा कमी आहे. आमच्याकडे असल्या माशाला कोण विचारत नाही. मी स्वतः रत्नागिरीचा, जयगड खाडीच्या काठचा, आडनाव मुकादम. मीही दिवसातून चारदा म्हणतो. तोंडाचा फटकळ आहे असं बायकोचं मत आहे, आणि ते ऐकायला वर्षातून एकदा घरी जातो.

मेस्त्री चार वर्षांपूर्वी सूरला नवे आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "गाव कुठलं?"

"देवण," ते म्हणाले.

रत्नागिरी जिल्हा मला तोंडपाठ आहे असा माझा समज. देवण कधी ऐकलं नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. "म्हणजे देवरुखच्या अंगाला," मी ठोकून दिलं.

"बरंच वर."

"वस्ती किती?"

"नाही."

"अजिबात?"

"एकसुद्धा माणूस नाही. दोन-तीन घरं आहेत. बंद."

मी मान हलवली. कोकणात आता राहिलंय कोण? आमच्या मोहल्ल्यातही निम्म्या दारांना कुलपं आहेत आणि किल्ल्या मुंब्र्याला.

"पूर्वी पोलीस चौकी होती," मेस्त्री सांगत होते. "ती उठली. मग बाहेरून काही कुटुंबं आणून बसवली. त्यांचं काय जमलं नाय. थोड्या वर्षांत परत नेली."

"धरणग्रस्त," मी म्हणालो.

मेस्त्रींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तसंच कायतरी."

"आणि आता काय आहे तिथे?"

"दगड. आणि दोन कबरी."

कबरी म्हटल्यावर मला आपलेपणा वाटला. "आमच्या लोकांच्या?"

"पोलिसांच्या."

इतकं साधंसरळ संभाषण. यात संशय घेण्यासारखं काय होतं सांगा. जूनमध्ये थंडी म्हणाले तेव्हा मला वाटलं, उंचावरचं गाव असेल, पाऊस लागला की गारठत असेल. जानेवारीत म्हणाले, "आमच्याकडे आता सूर्य नाय," तेव्हा वाटलं, डोंगराच्या कुशीत असेल, सावली लवकर पडत असेल. माणसाला एकदा समजून घ्यायचं ठरवलं की काहीही समजून घेता येतं.

त्यांची दुसरी खोड याहून वाईट होती. मी आणि ते दोघं बोलत बसलो की झकास. पण तिसरा कोणी पायरी चढला की मेस्त्री गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि म्हणत, "वस्ती झाली." आणि चालू लागत. तिसरा माणूस गिऱ्हाईक असो की मशिदीतला मौलवी. एका ईदला अर्बाबने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत, भाताच्या मोठ्या थाळीभोवती वीस-पंचवीस माणसं बसलेली. मेस्त्रींनी दारातून डोकावलं, हळूच म्हणाले, "वस्ती झाली," आणि उपाशी परत गेले. अर्बाब भला माणूस. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की हे वस्ती म्हणजे तुमच्या हिंदू लोकांचा काही उपास असतो का. मी म्हटलं, असेल.

कंपनीच्या खोलीत सहा जण होते, म्हणून ती सोडून मेस्त्री कोल्ड स्टोरेजच्या मागच्या अडगळीत राहायला गेले. तिथे जुने कॉम्प्रेसर आणि ते. चार वर्षांत एकदाही रजा नाही. आमच्यात कोणी गावाला निघालं की सगळे पुडकी घेऊन धावतात. बदाम, बाम, साबण, पोरांचे बूट. परत येताना कोकम, मेतकूट, सुकी सुंगटं. मेस्त्रींनी कधी कोणाकडे एक पुडी दिली नाही, कोणाकडून काही मागवलं नाही.

गेल्या वर्षी मी निघालो तेव्हा विचारलं, "मेस्त्री, देवणला काही पोचवायचंय?"

"नाय भाई. तुम्ही कुठे जाताय तिथे."

मला राग आला. माणूस शेजारी बसतो, माझा चहा पितो, आणि माझ्या हाती घरी एक पुडी द्यायला याला संकोच? मी ठरवलं की न सांगता जायचं. बंद तर बंद, घराचा फोटो काढून आणायचा. गाव पाहिलं की माणसाचा अर्धा रोग कळतो.

तर असा मी, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. "देवणची गाडी कितीला?"

"देवरुख," आतला माणूस मान वर न करता म्हणाला.

"देवण."

"देवरुखच म्हणायचंय तुम्हाला."

"मला काय म्हणायचंय ते तुम्ही नका सांगू. देवण. वस्ती नाही तिथे."

आता त्याने मान वर केली. "वस्ती नाही तर गाडी कशाला सोडू?"

मी म्हटलं, पूर्वी पोलीस चौकी होती, धरणग्रस्त होते. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, असं गाव लांज्याच्या पुढे आहे, त्याच्या मावशीला दिलंय तिथे. दुसरा म्हणाला, ते देवधे. अर्धा तास आमचा तंटा चालला. शेवटी खिडकीतल्या माणसाने मला प्यायला पाणी दिलं, आणि ते त्याने कोणत्या भावनेने दिलं ते मला कळलं. मी घरी गेलो. बायकोला ही गोष्ट आजतागायत सांगितलेली नाही.

सूरला परतलो तो तडक कोल्ड स्टोरेजमध्ये. "मेस्त्री, तुमचं देवण जिल्ह्यात नाही."

मेस्त्रींनी मला एक जाडं जाकीट दिलं आणि कोल्डरूममध्ये घेऊन गेले. दाराच्या आतल्या बाजूला एक नकाशा. चिकटपट्टी त्या थंडीत टिकत नाही म्हणून मासळीच्या आकड्याला लटकवलेला. सगळ्यात वर पांढरं, आणि त्या पांढऱ्यात एक मोठा थोरला तुकडा.

"हे देवण," ते म्हणाले. नकाशावर इंग्रजीत डेव्हन लिहिलं होतं. कॅनडाच्या डोक्यावर, पार उत्तरेच्या बर्फात. "जगातलं सगळ्यात मोठं बेट, जिथे कोणसुद्धा राहात नाय."

दातावर दात आपटत मी तो भूगोल ऐकला. तिथे झाड नाही. पाऊस नाही, बर्फसुद्धा म्हणावं तसं नाही, नुसता करडा फुटका दगड. आकाशातून कधीकाळी काही पडून झालेला एक प्रचंड खड्डा. मंगळावर जायची हौस असलेले शास्त्रज्ञ उन्हाळ्यात येऊन तिथे तालीम करतात, कारण पृथ्वीवर दुसरीकडे इतकं ओसाड मिळत नाही. ते आले की मेस्त्रींना राग येतो. "पण ऑगस्ट संपला की जातात," ते मलाच समजावल्यासारखं म्हणाले. नोव्हेंबरात सूर्य बुडतो तो फेब्रुवारीत उगवतो. पोलिसांना तिथे ठेवलं होतं ते कशाला? तर बेट कॅनडाचं आहे हे दाखवायला. चोर नाही, तक्रार नाही, चौकीत दोन-तीन माणसं आणि समोर गोठलेला समुद्र. त्यातले दोघे तिथेच गेले, त्यांच्या त्या कबरी. नंतर आणलेली कुटुंबंही त्या मुलखात टिकली नाहीत.

"आणि तुमचं खरं गाव?" मी विचारलं.

"राजापूरकडे. तिथे काय, वस्ती आहे."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"मी कुठे खोटं बोललो? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. धरणग्रस्त तुम्ही म्हणालात."

हे मात्र खरं होतं. मी जाकीट फेकून बाहेर आलो आणि आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी मेस्त्री आपणच पायरीवर येऊन बसले. "आज आमच्याकडे उणे एकतीस." आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आकड्यात सांगायला लागले होते. वेड्याशी काय भांडायचं? मी चहा सांगितला.

मग या सप्टेंबरात एक दिवस ते फोन घेऊन आले. चेहरा उतरलेला. "भाई, जरा इंग्रजीत बघा. तिथे कावळा आहे काय?"

"कुठे?"

"आमच्याकडे. मी विचारलं फोनला. देवण आयलंड, काऊ. तर म्हणतो आहेत. अंगभर लांब केस म्हणे, आणि शिंगं."

मी फोन घेतला. बर्फात उभा असलेला एक केसाळ रेडा माझ्याकडे बघत होता. मी हसत सुटलो. हसून हसून ठसका लागला. "मेस्त्री, काऊ म्हणजे इंग्रजीत गाय. तुम्ही लहान पोरासारखं काऊ काऊ करून विचारलंत आणि त्याने तुम्हाला गुरं दाखवली."

मेस्त्री हसले नाहीत. "मग कावळ्याला काय म्हणतात ते घाला. मला पक्कं पाहिजे."

मी शोधलं. वाचून दाखवलं की आहे, डोमकावळा, आपल्यापेक्षा मोठा, सगळा काळा. बाकी पाखरं थंडीत निघून जातात, हा एक कावळा तिथेच राहतो, अंधारातसुद्धा.

मेस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्यांचे केस प्रथम पाहिले, सगळे पांढरे. टोपी मांडीवर ठेवून ते बराच वेळ तिची लोकर उपटत बसले. मग बोलायला लागले.

साथीच्या वेळी विमानं बंद होती तेव्हा त्यांची बायको गेली. सुमन. मूलबाळ नाही, म्हणून दहाव्याला पुतण्याने नदीवर पिंड ठेवला आणि काकांना फोनवर दाखवला. आमच्या गावात मी लहानपणापासून हे पाहिलंय. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याचं काही मागे राहिलं नाही. शिवला नाही की घरातले एकेक जण पुढे होऊन बोलतात, तुझं अमुक करू, तमुक सांभाळू. जे मनात राहिलेलं असेल ते बरोबर कोणाच्या तरी तोंडून निघालं की कावळा येतो.

"कावळा फांदीवर बसलेला दिसत होता मला," मेस्त्री म्हणाले. "खाली उतरेना. भाऊ बोलले, कौलं बदलू. वहिनी बोलली, तुझ्या पाटल्या पोरीच्या लग्नात घालीन. मग सगळे फोनकडे वळले. दादा, तुम्ही बोला. तिची इच्छा तुम्हालाच ठाऊक. आणि भाई, मला ठाऊक नव्हती. अठ्ठावीस वर्षं लग्नाला. त्यातला महिना-महिना मी घरी. मी म्हटलं, म्हैस घेऊ. म्हटलं, विहीर बांधू. म्हटलं, मी परत येतो. तो आपला बघत बसला. मग रेंज गेली. त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि पुतण्याने मेसेज पाठवला, काका, झालं."

पायरी चढणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी हातानेच परत पाठवलं.

"चार दिवसांनी, तेव्हाच्या नोकरीतल्या कोल्डरूममध्ये तापमानाचा काटा बघत होतो तेव्हा आठवलं. शेवटच्या रजेत ती एसटीपर्यंत सोडायला आली होती. आमचं घर म्हणजे तीन भाऊ, त्यांची पोरं, पाहुणे. बायका माजघरात, पुरुष ओटीवर. महिनाभर आम्ही दोघं एकटे असे बसलोच नव्हतो. स्टॉपवर ती म्हणाली, एकदा कुठेतरी जाऊया हो, जिथे कोणसुद्धा नसेल. मी म्हटलं, वेडी काय तू, असं गाव कुठे असतं? तेवढ्यात गाडी आली."

दुकानासमोरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

"मग मी फोनला विचारलं, असं गाव कुठे असतं. त्याने देवण सांगितलं."

"अहो, मग गावी जाऊन पान ठेवा आणि हे सांगा तिला," मी म्हटलं. "चार वर्षं कसली वाट बघताय?"

"सगळ्यांसमोर? माझी वहिनी पंचवीस वर्षं तिच्याबरोबर एका चुलीवर राबली. तिच्यासमोर सांगू, की हिला तुमच्यापासून लांब जायचं होतं? त्यांनी शेवटपर्यंत केलं तिचं, भाई. मी नव्हतो. त्यांना हे कसं ऐकवू? आणि नाय सांगितलं तर ती म्हणेल, यांनी ऐकलंच नव्हतं. मला कोण नसेल अशी जागा पाहिजे. आणि तिथे कावळा पाहिजे."

चार वर्षं मी या माणसाला वेडा म्हणत होतो. मला माझी लाज वाटली. आणि लाज वाटली की मी ओरडतो, तसा ओरडलो. "तुमच्या देवणला आपल्याला कोण नेणार? आणि निर्मनुष्य जागेची ओमानात टंचाई आहे का?"

पुढच्या आठवड्यात अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस, हे मला मेस्त्रींनीच सांगितलं. मल्याळी दुकानातून केळीचं पान मी आणून दिलं. ते ताजं राहावं म्हणून या शहाण्याने कोल्डरूममध्ये ठेवलं आणि काळं पडून चिंधी झाल्यावर मला दाखवायला आणलं. मी दुसरं आणलं. त्यांनी पहाटेपासून अडगळीत स्टोव्हवर वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं केलं. वडे मी चाखायला मागितले तर म्हणाले, आधी तिचं होऊ दे.

सकाळी पिकअप काढली. किनाऱ्याचा रस्ता सोडून आत डोंगराकडे वळलो, मग कच्च्या वाटेने, मग वाटही संपली. उतरलो तर चारी बाजूंना करडा फुटका दगड. झाड नाही, बकरी नाही, टॉवर नाही. मेस्त्री उभे राहून बघत होते. "आमच्याकडे अगदी असंच आहे," ते म्हणाले.

त्यांनी एका सपाट दगडावर पान मांडलं, वाढलं. पाणी फिरवलं. आणि मग हात जोडून नुसतेच उभे. मी वाट पाहिली. "काय झालं?"

"वस्ती झाली, भाई."

"कुठे?" मी चहूकडे पाहिलं.

"तुम्ही."

मी निमूट निघालो. पिकअप टेकाडाला वळसा घालून पलीकडे नेली, त्यांच्याकडे पाठ करून एका दगडाच्या सावलीत बसलो. मला माझी बायको आठवत होती. तिची इच्छा काय, असं कोणी आत्ता विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? तिचा रक्तदाब मला माहीत होता, गॅसचा नंबर माहीत होता. दुसरं काही आठवेना, आणि मला भीती वाटली.

तेवढ्यात वरून घोगरा आवाज आला. आपल्या बाजारात फिरतात तसला करड्या मानेचा कावळा नव्हे. मोठा, रुंद पंखांचा, एकटाच. डोंगराकडून आला आणि टेकाडापलीकडे उतरला. मी वळून पाहिलं नाही.

मला वाटलं होतं तास तरी लागेल. पाच मिनिटांत दगड घरंगळले म्हणून वळलो, तर मेस्त्री टेकाडावरून उतरताना दिसले. हातात टोपी, आणि पाय कुठे पडतायत तिकडे लक्ष नाही.

"शिवला?"

"शिवला." ते माझ्यासमोर उभे राहिले. डोळे गळत होते आणि ते पुसत नव्हते. "पण भाई, मी अजून बोललोच नव्हतो. तुम्ही टेकाडामागे गेलात, मी तोंड उघडणार, तोवर हा उतरला. सरळ वड्यावर. मला सांगायचं राहिलंच. चार वर्षं जुळवलेलं सगळं. म्हणजे तिची ती इच्छा नव्हती काय? मला परत चुकलंच काय?"

मी फटकळ माणूस आहे, मला गोड बोलता येत नाही. "मेस्त्री, तुम्ही आणि ती सोडून तिथे दुसरं कोण होतं?"

"कोणसुद्धा नाय."

"मग सांगायचं काय राहिलं होतं?"

मेस्त्रींनी मागे टेकाडाकडे वळून पाहिलं. मग पिकअपच्या सावलीत खाली बसले आणि माकडटोपीत तोंड खुपसून रडले. अठ्ठावीस वर्षांचं होतं ते, वेळ लागला. मी इंजिन सुरू केलं नाही. उन्हात उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आज आमच्याकडे किती आहे?" तोंडातून 'आमच्याकडे' कसं गेलं मलाही कळलं नाही.

मेस्त्रींनी फोन काढला, बघितला आणि खिशात ठेवला. "रेंज नाय." मग माझ्या गुडघ्याला धरून उठले. डबा उघडून एक वडा मला दिला, एक स्वतः घेतला. वडा दगडासारखा होता. आम्ही दोघांनी तो उभ्या उभ्या चावून संपवला.

"चला भाई," ते म्हणाले, "वस्तीत जाऊ."